चौसाळ्याची देग आणि जुबिलीची खीर

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची देग आहे. देग म्हणजे दोनशे माणसांचे अन्न एका वेळी शिजेल एवढे मोठे भांडे. चौसाळ्यात महादेवाच्या देवळामागे एक अंधारी खोली आहे, तिथे मी राहते.

बीडच्या एका तांबटाने मला दोन महिने ठोकून घडवले. त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. किराणा दुकानदार मन्मथप्पा यांच्या वडिलांनी मला गावासाठी करून घेतले होते. बैलगाडीतून मी गावात आले, तेव्हा बायकांनी मला हळदीकुंकू लावले. मग लग्ने, बारशी, भंडारे सगळे माझ्यातच शिजू लागले. पंगती ज्याच्या त्याच्या वेगळ्या बसत. वाढले मात्र एकाच देगीतले जाई, याचे मला फार सुख वाटे.

मी नवीन होते तेव्हाच मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, गुरे मेली, माणसे पाला उकडून खाऊ लागली. मग निजाम सरकारच्या कोठारातून ज्वारीच्या गाड्या आल्या. चार महिने मी चुलीवरून उतरले नाही. माझ्यात ज्वारीच्या पातळ कण्या शिजत आणि माणसे रांगेने उभी राहत. त्या रांगेत सुंदर नावाची पाच वर्षांची मुलगी आईचे बोट धरून येई. पुढे आई वारली आणि ती एकटीच फुटके मडके घेऊन येऊ लागली. ती जगली, मोठी झाली. गावाच्या स्वयंपाकाला आज जी सुंदरबाई उभी राहते, ती हीच. मला घासताना ती शेजारणीला सांगते, "हिच्या कण्यांवर जगले मी."

पुढे माझ्या खोलीला लागून असलेल्या पडवीत उत्तरेश्वर मास्तरांनी शाळा काढली. आमच्या मुलखात कचेरीची भाषा उर्दू, सरकारी शाळेतही उर्दूच. मास्तर मराठी शिकवत. सव्वीस मुलेमुली येत. भिंतीपलीकडून मला रोज पाढे आणि बाराखडी ऐकू येई. ऐकून ऐकून मलाही एकोणतीसचा पाढा पाठ झाला. एके दिवशी वरून हुकूम आला की ही शाळा बिनपरवानगी आहे. पाट्या गोळा झाल्या, दाराला कुलूप लागले. मुले गुरांमागे, कापसाच्या रानात गेली. भिंतीपलीकडे इतके शांत झाले, की मला उंदरांची पावले ऐकू येऊ लागली.

त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरा हुकूम आला. आताचे निजाम गादीवर बसून पंचवीस वर्षे झाली होती. राज्यभर जुबिली साजरी व्हायची होती. चावडीवर पिवळा झेंडा लावायचा आणि गावातल्या मुलांना गोडधोड घालायचे. गहू आणि गूळ मन्मथप्पांनी कबूल केला. मला न्यायला अर्जुनराव पाटील चार गडी घेऊन देवळात आले. पायरीवर मास्तर बसले होते.

"देग जुबिलीला द्यायची न्हाई," मास्तर म्हणाले.

"कावून?" पाटलांनी विचारले.

"पोरांच्या शाळंला कुलूप घातलं, अन् आता त्याच पोरांच्या तोंडात खीर घालायची? पाटील, मला हे पटत न्हाई."

"मला तरी कुठं पटतंय? पण हुकूम हाय. केलं न्हाई तर सगळ्या गावावर वहीम येईल."

बघता बघता देवळापुढे गाव जमला. निम्मे मास्तरांच्या बाजूला उभे राहिले, निम्मे पाटलांच्या. खोलीची किल्ली मन्मथप्पांच्या हातात होती. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मित्रांनो, मलाही काही सुचेना. ज्या सरकारची ज्वारी मी शिजवली, त्याच सरकारचे कुलूप माझ्या भिंतीपलीकडे लोंबत होते. उपकार मानावे की रुसावे?

तेवढ्यात राखेची टोपली घेऊन सुंदरबाई मला घासायला आली. भांडण ऐकून ती मास्तरांपुढे उभी राहिली.

"मास्तर, त्या दुष्काळात सरकारची ज्वारी आली नसती, तर मी आज हितं उभी नसते. ते मला इसरता येत न्हाई. माझी नात तुमच्या शाळंत नाव लिहायला शिकली, तेबी इसरता येत न्हाई. मी खीर शिजवणार. तुमी खाऊ नका, तुमचा राग खरा हाय. पण तुमच्या सव्वीस लेकरांचं काय करायचं, ते सांगा."

मास्तरांनी शाळेच्या कुलपाकडे पाहिले. मग म्हणाले, "माझी पोरं झेंड्याखाली बसणार न्हाईत. शाळंच्या दारात बसतील."

"बसू द्या," सुंदरबाई म्हणाली आणि तिने मन्मथप्पांपुढे हात केला. त्यांनी किल्ली दिली.

जुबिलीच्या दिवशी सकाळपासून मी चुलीवर होते. कांडलेला गहू, गूळ, सुंठ, खोबरे. वास पार वेशीपर्यंत गेला. बीडहून घोड्यावर बसून एक अंमलदार आले. झेंडा चढला, उर्दूत भाषण झाले, सरकारी शाळेच्या मुलांनी गाणे म्हटले. मग पंगती बसल्या. अंमलदारांची नजर चावडीपलीकडे, देवळामागच्या शाळेकडे गेली. कुलूप लावलेल्या दारापुढे सव्वीस मुले मांडी घालून ओळीने बसली होती आणि त्यांच्याशेजारी मास्तर उभे होते.

"वो बच्चे उधर क्यों बैठे हैं?" त्यांनी विचारले.

पाटील मन्मथप्पांकडे बघू लागले. पळी हातात घेऊन सुंदरबाईच पुढे झाली.

"साहेब, पोरांना गोड द्या, असं हुकमात हाय. कुठं बसवून द्या, ते न्हाई."

पाटलांनी अडखळत ते उर्दूत सांगितले. अंमलदारांनी कुलपाकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, मास्तरांकडे तर फारच वेळ पाहिले. आता मास्तरांना बेड्या पडणार, या भीतीने मी चुलीवर असूनही गार पडले. शेवटी अंमलदार हळूच म्हणाले, "ठीक है. खाने दो." आणि त्यांनी घोडा आणायला सांगितला.

भरलेली बादली सुंदरबाईला एकटीला उचलेना. मास्तर आले आणि त्यांनी बादली घेतली. आपल्या मुलांना त्यांनी पोटभर वाढले. मग पाहतात तर झेंड्याखालच्या पंगतीतली मुले रिकाम्या पत्रावळी घेऊन वाट बघत होती. वाढणारे कमी होते. मास्तर क्षणभर थांबले आणि बादली भरून तिकडेही गेले.

"आलात ना शेवटी झेंड्याखाली?" कोणीतरी चिडवले.

"पोरं हितं बसली हायत म्हणून आलो," मास्तर म्हणाले आणि वाढत राहिले.

त्यांनी स्वतः मात्र काही खाल्ले नाही. ऊन कलले, माणसे पांगली. सुंदरबाईने माझ्या तळाची खरवड एका वाटीत काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"मास्तर, खीर जुबिलीची व्हती. ही खरवड माझ्या देगीची हाय."

मास्तर हसले. सहा महिन्यांत मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले. त्यांनी वाटी चाटून पुसून खाल्ली.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. शाळेचे कुलूप तसेच आहे. ती मुले आता सुंदरबाईच्या गोठ्यात शिकतात. हे मला ठाऊक आहे, पण मी कोणाला सांगत नाही. गावात अजून दोन तट आहेत. एकाच्या कार्याला दुसरा जात नाही, म्हणून मला बाहेर काढतात ते क्वचितच. माझी कल्हई उडाली आहे आणि आत हिरवा गंज धरू लागला आहे. तरी माझी कोणावर नाराजी नाही. मला तांबटाने घडवले, गावाने वापरले, भुकेल्यांनी माझ्यातले खाल्ले. एवढे भाग्य फार थोड्या भांड्यांना मिळते.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी एखादी देग कोपऱ्यात पडलेली असेल. तिला वर्षातून एकदा कल्हई करा. गावाचे आपसात पटत नसेल, त्या वर्षी तर नक्कीच करा. आणि तिच्यात काही शिजवाल तेव्हा पलीकडच्या दारात कोणी उपाशी बसले आहे का, तेवढे पाहून या.