खाटेपर्यंत पखवाज

शब्द देऊन बसायची एलियाला मुळातच खोड. सोनईत रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस, एकाहत्तर साली भागूबाईच्या खाटेशी चहा पिता पिता बोलून गेला, "आत्या, तुमी हितंच पडून ऱ्हावा. उद्याच्या भजनाला सूर्यभानचा पखवाज तुमच्या कानाशी आणून सोडतो!"

पाय मोडल्यापासून म्हातारीनं पोराचं, सूर्यभानचं, वाजवणं ऐकलं नव्हतं. तिची वस्ती देवळापासून चार शेतं लांब. कर्ण्यातून टाळ पोचायचे, पखवाजाचा 'धुम' काही पोचायचा नाही. म्हणून एलियानं देवळापुढं जाड आवाजासाठी स्पीकरच्या दोन लाकडी पेट्या मांडल्या. एक जुनी, साधी. दुसरी नवी, तिच्यात बारीक आवाज अडवायला तांब्याच्या तारेची गुंडाळी, स्वतःच्या हातानं केलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभाननं थाप मारली, आणि काय सांगावं! दोन्ही पेट्या चालू, पण धुम गायब. नुसतं फुसकं टपटप. मंडळी हसायला लागली. एलियाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अवो, एक पेटी बंद करून बघा," त्याची बायको रेबेका म्हणाली. केली, तर धुम आला. पुन्हा जोडली, तर पुन्हा गेला!

"दोन्ही पेट्यांचं भांडण लागलंय," रेबेका म्हणाली. "एक हवा ढकलतीया, दुसरी वढतीया. नवीच्या तारा उलट्या लावा."

"उलट्या? टॉर्चचा सेल लावून तपासल्यात मी! दोन्ही पडदे बरुबर पुढं येत्यात."

"सेल येनार हाय का भजन ऐकायला? गुंडाळीतून जाताना आवाजाचं काय हुतं, ते सेलाला काय ठावं?"

गुंडाळीत आवाज रेंगाळतो आणि मागं पडून उलटा होतो, हे एलियानंच तिला हौसेनं शिकवलेलं, आणि ऐन वेळी स्वतःच विसरला. शहाणा कुठला!

त्यानं तारा उलट्या केल्या. सूर्यभाननं हात टाकला. धुम! पुढं बसलेल्यांच्या छातीत घुमला. टाळ्याच टाळ्या! पण एलियाचं लक्ष वस्तीकडं. तिथं पोचला का?

दोन अभंग झाले, तशी आत्याच्या शेजारची साळूबाई बांधावरून धापा टाकत आली.

"आत्याला ऐकू आलं?" एलियानं विचारलं.

"लई चिडलीया! म्हनली, डाव्या पुडीची कणीक सुकलीया, आवाज चढलाय. पानी लाव म्हनावं, मंग वाजीव."

सूर्यभाननं पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या कातड्याला, पुडीला, बोट लावून पाहिलं. धुम जाड यावा म्हणून तिच्यावर थापलेली कणीक खरोखरच कोरडीठाक.

"पानी आना!" एलिया आनंदानं ओरडला, आणि तांब्या आणायला स्वतःच धावत सुटला.