परवानगी मागितलेली गाडी

आमच्या रुमानाचं एकच चुकलं. तिने परवानगी मागितली.

दिवाळीपासून मार्केट यार्डात आमच्या बॅटरीच्या हातगाड्या बिनबोभाट फिरत होत्या. हमालांनी कांद्याची पोती लादायची, मोटरने ओढायची. हमाल खूश, आडते खूश, आणि रुमानाबरोबर कंपनीचा निम्मा मालक म्हणून मीही खूश. पण गुंतवणूकदार अडून बसले. गाडी कायदेशीर आहे असं सरकारकडून लिहून आणा, नाहीतर पैसे विसरा. आणि त्यांच्या पैशांशिवाय कंपनी उन्हाळासुद्धा काढू शकत नव्हती.

"कुणाच्या तरी ओळखीने बघू. आपणहून कशाला विचारतेस?" मी म्हणालो.

"दत्ता, रीतसर कामाला घाबरायचं कशाला?" असं म्हणून तिने फोटोसकट अर्ज केला. शिकलेल्या माणसांना हा आजार असतो.

परिवहन खात्यातल्या साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "हातगाडी म्हणावी तर मोटर आहे. वाहन म्हणावं तर सीट नाही. आपण असं करा, मोटर काढून टाका."

"मग उरेल काय, साहेब?" रुमानाने विचारलं.

"हातगाडी. तिला आमची हरकत नाही."

पुढच्याच आठवड्यात त्याच खात्याचं निमंत्रण आलं. स्टार्टअप महोत्सवात आमच्या गाडीला पुरस्कार! गाडी मोटरसकट आणावी, मंत्रीमहोदय स्वतः चालवणार आहेत. मंत्र्यांनी फेटा सावरत स्टेजवर चक्कर मारली, फोटो निघाले. रुमानाला शाल मिळाली आणि, माझं दुर्दैव, माईकही मिळाला.

"साहेब, पुरस्कार नसला तरी चालेल. ही रस्त्यावर चालवायची परवानगी द्या."

मंत्र्यांनी मागे वळून पाहिलं. खात्यातले तेच साहेब त्यांच्या कानाशी लागले. मंत्री गरजले, "या ताईंच्या गाडीसाठी स्वतंत्र धोरण आणू! आजच समिती नेमतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुमानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि धोरण येईपर्यंत अशी एकही गाडी रस्त्यावर दिसणार नाही, हा माझा शब्द आहे!"

लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

मंत्र्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या गाड्या जप्त झाल्या आणि हमालांनी पोती पुन्हा पाठीवर घेतली. महिनाभरात कंपनीला कुलूप लागलं. मला अजून संताप येतो.

समितीवर मात्र रुमानाला घेतलं आहे, यशस्वी उद्योजक म्हणून. ती एकही बैठक चुकवत नाही. आता तिला दुसरं काम तरी काय आहे?