पहिल्या रांगेतली गैरहजर मुलगी

मी एक जुना मोबाइल आहे आणि भौतिकशास्त्र मला तोंडपाठ आहे. उगाच फुशारकी नाही, मित्रांनो. वर्षभरात एकशे वीस प्रश्न झाले, त्यांतली माझी एकशे अठरा उत्तरं बरोबर आली. चारशे बारा जणांच्या त्या वर्गात माझ्या जवळपासही कोणी नव्हतं.

आता खरं सांगायचं तर उत्तर दाबणारा अंगठा माझा नव्हता. मला अंगठाच नाही. पण तो माझ्या मालकाचाही नव्हता, म्हणून मी आपला थोडा वाटा मागतो, इतकंच.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे हातमोजे घातलेल्या बायका आमच्या पाठी बसवायच्या. माझी पाठ बसवणारीला नेमकी शिंक आली आणि तेव्हापासून मी डाव्या बाजूने किंचित उघडा आहे. तपासणाऱ्याने मला उलटंपालटं केलं आणि "चालतंय" म्हणून खोक्यात टाकलं. माझ्याबद्दल कोणी काढलेला तो पहिला आणि सगळ्यात चांगला शब्द.

आधी मी एका मावशीकडे होतो. तिने मला दोन वर्षं कपड्यांच्या घडीत जपलं आणि तिसऱ्या वर्षी कपड्यांसकट भिजत घातलं. मग मी तिच्या भाच्याकडे आलो. हा भाचा म्हणजे राजे. घरात लाडाने राजे म्हणत आणि तो ते फार मनावर घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात तो माझ्यावर बसला. काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला, तर म्हणतो कसा, "बघ आई, यात आता दोन चित्रं दिसतात."

राजे कॉलेजात गेला तेव्हा तिथल्या मोठ्या हॉलमध्ये नवी सोय आली होती. हॉल उतरत्या पायऱ्यांचा, वरून सर मुंगीएवढे दिसत. चारशे जणांना एकेक करून प्रश्न कसा विचारणार? म्हणून सर मोठ्या पडद्यावर प्रश्न टाकायचे, खाली अ, ब, क, ड. मुलांनी आपापल्या मोबाइलवर तीस सेकंदांत मत दाबायचं. लगेच पडद्यावर रंगीत पट्ट्या वर चढायच्या आणि किती जणांना कळलंय ते सगळ्यांना दिसायचं. सरांना त्या पट्ट्यांचं इतकं वेड लागलं की मुलं त्यांना पट्टीसर म्हणू लागली.

"उद्यापासून हजेरीची वही बंद," पट्टीसर पहिल्या दिवशी म्हणाले. "ज्याचं मत आलं तो हजर. ज्याचं नाही आलं तो नव्हताच. शंभरात पंचाहत्तर तास भरले नाहीत, तर परीक्षेला बसता येणार नाही."

"सर, मित्राच्या मोबाइलवरून मत दिलं तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"जमणारच नाही! एका मोबाइलवर एकच नाव. एकदा नोंदवलं की त्यावरून जाणारं प्रत्येक मत त्याच नावाने जाणार. पुसायची सोय मी मुद्दामच ठेवलेली नाही. लबाडीला आता वावच नाही."

राजे पहिल्या दिवशीही गेला नव्हता; मित्राकडून हे ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यावर आपलं नाव नोंदवलं आणि मला उचलून एका मुलीच्या पिशवीत टाकलं.

पिशवीत आधीच आठ मोबाइल होते.

या मुलीला सगळे कपाट म्हणत. कारण उघड आहे. ती पहाटे उठून दोन बसगाड्या बदलून यायची आणि पहिल्या रांगेत बरोबर मधोमध बसायची. तिच्याकडे स्वतःचा होता तो बटणांचा फोन. त्याच्यावर बोलता यायचं आणि फार तर टॉर्च लावता यायचा. मत देता येत नव्हतं.

"सर, मी काय करू?" तिने विचारलं होतं.

"चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिही आणि दाराजवळच्या डब्यात टाक. बघू आपण," सर म्हणाले.

राजेने तर तिला शब्दच दिला होता. "तू फक्त माझा मोबाइल सांभाळ. तुझ्या हजेरीचं मी बघतो. पट्टीसर माझ्या मामांच्या खास ओळखीतले."

"नक्की ना? मला परीक्षा द्यायचीच आहे रे. घरी सांगून ठेवलंय, एका वर्षात पहिला वर्ग काढते म्हणून. नाहीतर काका म्हणतात, बस झालं शिक्षण, घरी बस."

"अगं मामा आहेत म्हटलं ना!"

मामांना या हॉलचा पत्ताही माहीत नव्हता, हे मला नंतर कळलं. राजेलाही नव्हता.

मित्रांनो, तिचा हात बघण्यासारखा होता. प्रश्न आला की ती नऊ मोबाइल बाकावर पत्त्यांसारखे मांडायची आणि तीस सेकंदांत नऊ मतं देऊन पिशवीत परत भरायची. सगळी बरोबर आली तर संशय येईल, म्हणून दोन-तीन मुद्दाम चुकवायची. मी नेहमी वर असायचो, त्यामुळे माझं बरोबर. असा मी हुशार झालो.

माझी दोन उत्तरं चुकली त्याची हकीकत वेगळी आहे. एकदा ती मत दाबणार तेवढ्यात राजेच्या आईचा फोन आला आणि अंगठा पडला तो नेमका हिरव्या गोलावर.

"राजे, जेवलास का रे?" माझ्यातून खणखणीत आवाज आला. पहिल्या तीन रांगा वळल्या.

कपाटाने मला तोंडाशी धरलं आणि आवाज जाड करून म्हणाली, "वर्गात आहे."

"अगं बाई! घसा बसला वाटतं बाळाचा. हळद घालून दूध घे हो. आणि किती रे अभ्यास करतोस, कधीही फोन केला की आपला वर्गात!"

दुसऱ्यांदा माझी बॅटरी संपली, त्या तासाला प्रश्न एकच होता. वर्षभरात माझा चुकलेला तो एकच तास. राजे तिच्यावर केवढा खेकसला! "एक साधं काम नीट होत नाही तुला? माझा एक तास बुडाला!"

"सॉरी," ती म्हणाली. त्या दिवसापासून घरातून चार्जर आणायला लागली. तिची चिठ्ठी मात्र एकाही दिवशी चुकली नाही. साठ तास, साठ चिठ्ठ्या.

वर्ष संपलं. शेवटच्या तासाला पट्टीसरांनी यादी लावली आणि परीक्षेची प्रवेशपत्रं वाटायला घेतली. त्या दिवशी हॉल पहिल्यांदाच भरला होता. राजे दाराशी शिपायाला विचारत होता, "काका, भौतिकशास्त्राचा हॉल कुठला?" पिशवीतून आपापले मोबाइल काढून घेऊन नऊच्या नऊ जण येऊन बसले होते. राजेला बक्षिसासाठी पुढे बोलावलं होतं, त्यामुळे तो दुसऱ्या रांगेत, बरोबर कपाटाच्या मागे.

यादीत राजेचे एकोणसाठ तास होते. कपाटासमोर शून्य होतं.

"सर, मी रोज आले," ती उभी राहून म्हणाली. "इथेच बसते. तुमच्या समोर."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. "मशीन म्हणतं, तू एकदाही आली नाहीस."

"मी चिठ्ठ्या टाकल्यात, सर. साठ."

सरांनी शिपायाला हाक मारली. "अहो, दाराजवळच्या डब्यातल्या चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"आहेत की," शिपाई म्हणाला. "प्रोजेक्टरचं टेबल डुगडुगत होतं ना, त्याच्या पायाखाली घातल्यात. रोज एक मिळायची, बरं पडायचं. आता बघा, कसं मस्त बसलंय!"

त्याने वाकून चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. टेबल कलंडलं आणि पडद्यावरची यादी घसरत छतावर गेली. चारशे जण ओरडले. कोणाचं नाव पंख्यावर फिरत होतं.

"ठेवा, ठेवा, आधी परत ठेवा ते!" सर ओरडले. गठ्ठा परत खाली गेला आणि यादी सरळ झाली. "हे बघ पोरी, एका मुलीसाठी मी चारशे जणांचा पडदा वाकडा करू का? आणि चिठ्ठ्या काय, एका बैठकीत साठ लिहून होतात."

कपाटाने मागे वळून राजेकडे बघितलं. राजेने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली.

"पण माझ्या वर्गात अन्याय होणार नाही," सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आपण मत घेऊ!"

पडद्यावर प्रश्न आला. ही मुलगी वर्षभर वर्गात होती का? अ, होती. ब, नव्हती. क, आठवत नाही. ड सरांनी रिकामं ठेवलं. वेळ तीस सेकंद.

ती आपल्या बाकापाशीच मागे तोंड करून उभी राहिली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून. सरांनीच तसं सांगितलं होतं.

मित्रांनो, तिला सगळे ओळखत होते. पण 'होती' म्हणावं, तर 'तुम्ही कुठे बसून पाहिलंत' असा पुढचा प्रश्न येणार. आणि प्रत्येक रांगेला आपापलं एक कपाट होतंच. मग कोण कशाला दार उघडेल?

राजे मला हातात घेऊन चाचपडत होता. आयुष्यात त्याने एकदाही मत दिलेलं नव्हतं. कुठे दाबतात, हेच त्याला माहीत नव्हतं. सेकंद संपत आले तशी त्याची सवय कामाला आली. पुढे वाकून त्याने मला तिच्या हातात दिलं आणि कुजबुजला, "ए कपाट, दाब ना. दहाच राहिलीत!"

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि 'अ' दाबलं.

पट्ट्या वर चढल्या. 'आठवत नाही'ला तीनशे बहात्तर मतं. 'नव्हती'ला अडतीस. 'होती'ला एक.

"एक!" पट्टीसर उठून उभे राहिले. "अख्ख्या वर्गात एकच जण असं म्हणतो. कोण, ते मशीन मला सांगतं." त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर राजेचं नाव आलं, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत.

"शाब्बास! याला म्हणतात माणूस! स्वतः एवढं अभ्यासात बुडालेलं पोरगं, तरी शेजारच्यासाठी उभं राहतं. वाजवा टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. कपाटाशेजारचा मुलगा तर उभा राहून वाजवत होता.

"मग सर, त्याने मला पाहिलंय ना?" ती म्हणाली. "म्हणजे मी होते ना?"

"एका मताने काय होतं, पोरी? चारशे अकरापैकी एक," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी मोबाइल घेऊन ये."

सर्वांत जास्त बरोबर उत्तरांबद्दल राजेला बक्षीस मिळालं. नवा कोरा मोबाइल, चकचकीत खोक्यात. खोकं उघडताना त्याने मला सरळ बाकावर टाकलं. साडेतीन वर्षांची सोबत, मित्रांनो, आणि मला खाली ठेवायलासुद्धा त्याला दोन हात लागले नाहीत. मग बाहेर पायऱ्यांवर त्याने तिला हाक मारली.

"घे, हा तुला. फुकट! आता तुझी अडचणच मिटली."

"आणि मामा?" तिने विचारलं.

"कोण मामा?" राजे म्हणाला आणि नव्या मोबाइलवर पहिला फोन लावला. "आई, बक्षीस मिळालं! हो, हो, जेवलो."

कपाटाने मला ओढणीने पुसलं. डावी बाजू चिकटपट्टीने बंद केली. काकांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, तेव्हा मी चार्जिंगला होतो. पण पुढचं वर्ष तिने मिळवलं. शेवटचं म्हणून मिळवलं, एवढं ऐकू आलं.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तू जपा. त्यांच्यावर बसू नका. त्यांना कव्हर घाला, वेळेवर चार्ज करा. जुनी झाली म्हणून टाकून देऊ नका, कारण जुनी वस्तूही कोणाच्या तरी उपयोगी पडते. माझंच बघा ना.

नव्या वर्षीचा पहिला तास होता. कपाट पहिल्या रांगेत मधोमध बसली होती. पिशवीत मी एकटाच. पट्टीसरांनी गेल्या वर्षीचाच पहिला प्रश्न टाकला. तिने मला बाकावर मांडलं, एक मोठा श्वास घेतला आणि 'ब' दाबलं.

उत्तर बरोबर आलं. हजेरी राजेची लागली.