वरचा स्वर

चर्चच्या बाजूच्या खोलीत उत्तरानं गळ्यावरच्या व्रणावर दोन बोटं ठेवली आणि शेवटची ओळ गुणगुणून पाहिली. वरच्या स्वराशी आवाज फाटला.

"खालच्या पट्टीत घेऊ या का?" सौमित्रनं विचारलं. पियानोवर नवराच साथ करणार होता.

"नको. आहे तसंच."

थायरॉइडच्या ऑपरेशनला चौदा महिने झाले होते. बोलताना आता काही कळत नसे, गाताना कळे. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या मुलींना ती गाणं शिकवत राहिली होती, पण लोकांसमोर आज पहिल्यांदाच गाणार होती. गाणं तिनंच निवडलेलं. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन कवितेला दिलेली, त्या काळी लोकांना बेसूर वाटलेली चाल. कवितेतली बाई आजारी बहिणीच्या उशाशी बसून आहे. शेवटचा शब्द 'वाख', म्हणजे जागी. तो उंच स्वरावर, अगदी हळू, लांबवायचा.

हॉलमध्ये गायला उभी राहिल्यावर तीन मिनिटं सगळं नीट गेलं. शेवटच्या शब्दाआधी तिनं श्वास घेतला, आणि स्वर येणार नाही हे तिला तिथंच कळलं. सौमित्रचे हात पट्ट्यांवर थांबले. उत्तरानं तो शब्द गायलाच नाही. शेजारच्या माणसाला सांगावा तसा नुसता उच्चारला.

 टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

कॉफीच्या वेळी दोघातिघांनी येऊन सांगितलं, शेवट अंगावर आला. ती थँक यू म्हणत राहिली. सौमित्र पियानोवरचे कागद गोळा करत होता.

केया आली. सतरा वर्षांची, उत्तराची सगळ्यात जुनी शिष्या. कॉलेजच्या ऑडिशनसाठी तीही हेच गाणं बसवत होती.

"काकू, ते एंडिंग अमेझिंग होतं. मी पण तसंच करू? त्या हाय नोटचं मला खूप टेन्शन येतं."

सौमित्रनं मान वर केली नाही.

"तसं लिहिलेलं नाहीये," उत्तरा म्हणाली. "माझा आवाज लागला नाही, म्हणून मी बोलले."

केया गोंधळली. "पण कोणालाच नाही कळलं."

"मला कळलं. काकांना कळलं. तुझा लागतो तो स्वर. ये इकडे."

ती पियानोशी बसली आणि एका बोटानं स्वर दिला. मागं कुणीतरी खुर्च्या घडी करून ठेवत होतं. केयाचा आवाज पहिल्यांदा थरथरला. दुसऱ्यांदा तो बारीक, स्वच्छ लागला आणि तिथंच राहिला. उत्तराही तिच्याबरोबर श्वास धरून बसली होती. केयाच्या आधी तिचाच संपला.

"आता पहिल्या ओळीपासून," ती म्हणाली आणि बाकावरून उठून सौमित्रला जागा करून दिली.