माळ तुळजाबाईंच्या हातात होती

मित्रांनो, मी एक जुना पिकअप आहे. रंगाने पांढरा, म्हणजे धुतलं तर. एरवी आमच्या माकणी गावच्या मातीचाच. माझ्या बाबतीत काय घडलं आणि काय घडता घडता राहिलं, हे आठवलं की अजूनही माझे पत्रे थरथरतात. गंमत म्हणून नाही, खरंच थरथरतात.

कारखान्यातून नवा कोरा बाहेर पडलो तेव्हा मीही रुबाबदार होतो. पहिला मालक सोलापूरकडचा व्यापारी. मला कुणी नुसतं टेकलं तरी तो खेकसायचा. पुढे त्यानेच कांदा, सिमेंट, लोखंड असं मिळेल ते लादून मला खिळखिळं केलं आणि वैतागून बलभीमकाकांना विकून टाकलं. काका शेतकरी. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल नुकताच म्हातारा होऊन गेला होता. दावणीला आता दुसरा बैल बांधायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून त्या रिकाम्या गोठ्यात त्यांनी मला उभं केलं.

मित्रांनो, शेणामुताचा वास सोडला तर त्या गोठ्यात माझं काहीच वाईट नव्हतं. उलट इतके लाड माझ्या जन्मात कुणी केले नव्हते. पोळ्याला तर कहरच झाला. आदल्या दिवशी, खांदेमळणीला, काकांनी माझ्या बॉनेटला हळद आणि तूप चोळलं. दुसऱ्या दिवशी आरशांना गोंडे बांधले, चाकांवर नट झाकणारे चकचकीत स्टीलचे कप बसवले आणि पाखऱ्याची पितळी घुंगरमाळ माझ्या पुढच्या जाळीला बांधली. काकांच्या बायकोने, तुळजाबाईंनी, पुरणपोळीचा घास रेडिएटरसमोर धरला. शेजारच्या नागम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"बलभीमा, आता कडबा बी टाकतोस का रं ह्याच्या म्होरं?"

"टाकीन की. खाल्ला तर त्याचा, न्हाय तर तुमच्या म्हशीचा!" काका म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ढोकीच्या वाटेवर माझं पुढचं चाक पंक्चर झालं. भर उन्हात काकांनी घाईघाईत दुसरं चाक चढवलं, नट जेमतेम आवळले, वरून तो चकचकीत कप ठोकून बसवला आणि निघाले. तेव्हापासून चालताना एक खळखळ येऊ लागली. कधी बारीक, कधी मोठी. काका स्टिअरिंग थोपटत म्हणायचे, "पाखऱ्या बोलतोय." फिटर अक्रमने सांगून बघितलं, "काका, ही माळ जरा सोडा, मंग ऐकतो कुठं वाजतंय ते." काका ताडकन म्हणाले, "तेवढी सोडून बाकी काय बी बघ." अक्रमने भिडेखातर इंजिनाचा पट्टा बघितला, ग्रीस भरलं आणि मला परत पाठवलं. मलाही तो माळेचाच आवाज वाटायचा. आपल्या अंगावर दागिना वाजतोय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

मग तो रविवार उजाडला. काकांची नात अक्षदा मोठ्या दुखण्यातून उठली होती, म्हणून अणदूरच्या खंडोबाला तळी भरायला जायचं होतं. माझ्या मागच्या हौद्यात सतरंजी अंथरली. गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसल्या, नागम्मा सगळ्यांत पुढे, त्यांच्या मांडीवर अक्षदा. तुळजाबाई काकांशेजारी बसल्या. निघताना काकांचं लक्ष नसताना त्यांनी पाखऱ्याची माळ जाळीवरून सोडून घेतली होती. देवाच्या भंडाऱ्यात ठेवून परत बांधायची, असा त्यांचा बेत. "येळकोट येळकोट जय मल्हार!" बायका ओरडल्या आणि मी निघालो.

गाव मागे पडलं. पुढे उतार, उताराच्या तळाशी कठडा नसलेला पूल. काकांनी वेग वाढवला आणि मी वाजू लागलो. खळ्, खळ्, खळ्.

"अवो," तुळजाबाई म्हणाल्या, "ह्यो आवाज कशाचा?"

"पाखऱ्याच्या माळंचा. रोजचाच हाय की."

तुळजाबाईंनी गच्च आवळलेली मूठ काकांसमोर धरली. "माळ माझ्या हातात हाय."

काकांचा पाय हळूहळू ब्रेकवर गेला आणि मी उताराच्या तोंडाशी थांबलो. काका खाली उतरले आणि पान्ह्याच्या टोकाने त्यांनी चाकाचा कप उचकटला. आतून तुटक्या बोल्टांसकट नट डांबरावर पडले. जे बोल्ट शाबूत होते, त्यांचे नट बोटानेच फिरत होते. काकांनी चाकाला हात लावला, तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं.

मित्रांनो, मी तर सुन्न झालो. इतके दिवस ज्याला आम्ही दागिना समजत होतो, ते आमचं मरण वाजत होतं! अजून थोडं पुढे गेलो असतो तर चाक एकीकडे, मी एकीकडे, आणि हौद्यातल्या बायका कुठे, ते मला सांगवत नाही. नागम्मांनी अक्षदाला इतकं घट्ट धरलं की ती पोर रडायलाच लागली.

काका रस्त्यातच बसले. "पाखऱ्या जरा लंगडला तरी म्या खूर मांडीवर घेत हुतो," ते म्हणाले. "काटा हाय का खडा हाय, बघत हुतो. अन् ह्याला निस्तीच माळ घातली."

तुळजाबाईंनी डांबरावरचे नट वेचून त्यांच्या ओंजळीत ठेवले.

बायका चालत घरी गेल्या. अक्रमने तिथेच येऊन नवे बोल्ट बसवले. हौदा मालासाठी असतो, माणसांसाठी नाही, हे काकांनी त्या दिवशी मान्य केलं. आता रोज सकाळी ते वाकून माझं एकेक चाक हाताने हलवून बघतात. हळद-तुपापेक्षा मला ते जास्त आवडतं.

म्हणून मित्रांनो, आम्हाला गोंडे बांधा, हार घाला, आमची ना नाही. पण आम्ही वेगळं वाजू लागलो तर आपल्या मनाचं नाव त्या आवाजाला देऊ नका. थांबा आणि खाली वाकून बघा. त्या रविवारी आमचं अणदूर राहिलं. पण संध्याकाळी आमच्या गल्लीत घरोघर चुली पेटल्या, आणि प्रत्येक चुलीपुढे त्या घरची बाई होती.