कफाचा उसेप्पच्चन आणि मला गेलेली चीर

मित्रांनो, मला कुणी बाक म्हणतं, कुणी टेबल, परवा तर एका पाहुण्याने होडी म्हटलं. मी एक म्हातारी पात्ती आहे. कुट्टनाडातल्या शंकुण्णी वैद्यरांकडे ज्या लांबट लाकडी पन्हाळीत माणसाला आडवं करून तेल चोळतात, ती मी. काजऱ्याच्या अखंड खोडातून मला कोरलं. काजरा मुळापासून शेंड्यापर्यंत कडू. माझ्या बोलण्यात ते उतरलं, तर मला बोल लावू नका. ती माझी प्रकृती आहे.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम म्हटलं. माझ्यावर आडवा होणारा प्रत्येक जण तेच म्हणतो आणि मी विटले आहे. बायकोवर खेकसणारा म्हणतो, "काय करू, पित्ताचा आहे." दिलेला शब्द विसरणारा म्हणतो, "वाताचा आहे." दुपारपर्यंत लोळणारा काहीच म्हणत नाही; तो कफाचा असतो. हल्ली तर फोनच चार प्रश्न विचारून निकाल देतो आणि माणसं तो छातीवर बिल्ल्यासारखा मिरवतात.

आमचे वैद्यर नव्या रोग्याला फार छान समजावतात. वात, पित्त, कफ तिघेही प्रत्येकात असतात. जन्मापासून ज्याचा जोर, ती तुमची प्रकृती. आज जो बिनसला असेल, ती विकृती, औषध तिच्यावर. इतकं सोपं. समजावून झालं, की वैद्यर स्वतःच ते विसरतात.

उसेप्पच्चन हा गावच्या शर्यतीच्या होडीचा सुकाणूवाला. मागच्या उंच टोकावर तो उभा राहिला, की होडी सुतासारखी सरळ जायची. दर पावसाळ्यात, कर्किडकम महिन्यात, तो माझ्याकडे तेल लावायला यायचा. भिजलेल्या भाताच्या पोत्यासारखा पडायचा आणि पाठ चोळून व्हायच्या आत घोरायचा. मी सबंध थरथरायचे. मला त्या घोरण्याचा वैताग यायचा. असं वाटायचं तरी.

या वर्षी तो आला तो आडवा होऊनही टाचा आपटत राहिला. होडीच्या समितीची भांडणं मिटवत त्याने सगळा उन्हाळा जागून, काळा चहा पिऊन, जेवणं चुकवून काढला होता.

"वैद्यर, झोपच नाही. हात कापतो. परवा सरावात सुकाणूचं वल्हं निसटलं. बायकोचा भाऊ वरीद मिशीला पीळ देत माझ्या जागेकडे बघतोय."

वैद्यर औषध खलत होते. मान वर न करता म्हणाले, "उसेप्पच्चा, तू जन्माचा कफ. जडपणा साठलाय. तेल बंद, तूप बंद. कुळथाचं कढण घे. आणि वेलायुधन, याला कोरड्या चूर्णाने घास."

अहो, मान वर करा! त्याची कातडी माझ्या अंगावर खिसणीसारखी घासत होती. सांधे कडाकडा वाजत होते. हा कफ नव्हता हो, बिथरलेला वात होता. त्याला हवं होतं कोमट तेल, गरम जेवण आणि गप्प खोली. मिळालं चूर्ण आणि उपास! मी कुरकुरले. आम्हा लाकडांना तेवढंच येतं.

"म्हातारी कुरकुरते," असं म्हणून वैद्यरांच्या हाताखालच्या वेलायुधनने आणखी मूठभर चूर्ण टाकलं.

एके सकाळी उसेप्पच्चनची बायको एलिक्कुट्टी तणतणत आली.

"वैद्यर, लग्न झालं तेव्हा हा माणूस अंगावर छप्पर पडलं तरी उठत नव्हता. आता पाल चुकचुकली तरी उठून बसतो. आणि मला हलवून विचारतो, तू झोपलीस का गं?"

"कफ हलायला लागला, की असं व्हायचंच."

"हलून जाणार कुठे? घरात आम्ही दोघंच आहोत!"

वैद्यर हसले आणि पुन्हा खलू लागले.

त्यात होडीवरच्या पोरांनी ठरवलं, सुकाणूवाल्याला जे, ते आम्हालाही. तेलाची पातेली पालथी पडली. ज्याच्यात्याच्या अंगाला चूर्ण. पावसाळी हवेत ते ओलं होऊ नये म्हणून माझ्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. जन्मभर मी तेल प्यायले होते. वैद्यर येणाऱ्याजाणाऱ्याला माझी तुकतुकी कौतुकाने दाखवायचे. आता चूर्ण वरून शोषत होतं, आच खालून. आणि उसेप्पच्चन माझ्यावर पडलेला असतानाच मी फाटले. केवढा आवाज झाला! डोक्यापासून कमरेपर्यंत चीर.

वैद्यर खल टाकून धावत आले आणि वेलायुधनवर कडाडले.

"अरे गाढवा! तेलावर पोसलेलं लाकूड हे! त्याला वरून चूर्ण आणि खालून आच? मूळचं कसं होतं ते काय धरून बसतोस? आज किती कोरडं पडलंय ते बघशील की नाही?"

"तुम्हीच सांगितलंत," वेलायुधन पुटपुटला.

उसेप्पच्चनने मान उचलली. "वैद्यर, हे तुम्ही पात्तीबद्दल बोललात की माझ्याबद्दल?"

वैद्यरांनी त्याची टाच हातात घेतली. तिथेही चिरा होत्या. मग मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. जीभ बघितली. मग नजर चुकवून म्हणाले, "वेलायुधन, शेगडी काढ. तेल कोमट कर."

"पात्तीसाठी की उसेप्पच्चनसाठी?"

"दोघांसाठी. आणि एलिक्कुट्टीला सांग, भातावर तूप घाल म्हणावं. माझं चुकलं, हेही सांग."

पुढे रोज तेल आलं. त्याच्या अंगावरून ओघळून माझ्या चिरेत उतरलं. पहिले काही दिवस तो नुसता डोळे मिटून पडायचा. मग एका दुपारी तो घोरला. मी सबंध थरथरले. मित्रांनो, त्या आवाजाचा मला वैताग आला नाही.

शर्यतीत सुकाणू त्यानेच धरलं. होडी दुसरी आली. "मी असतो तर पहिली आणली असती," असं वरीद उसेप्पच्चनच्याच घरी बसून संध्याकाळभर सांगत होता म्हणे. त्याने काही ऐकलं नाही. तो झोपला होता.

मला सांधायला सुतार आला, तेव्हा वैद्यरांनी त्याला नारळपाणी पाजून परत पाठवलं. ते आता सकाळी आधी माझ्या चिरेवरून बोट फिरवतात आणि मगच रोग्याचा हात धरतात. मान वर करून.

तेव्हा मित्रांनो, आपण कोण आहोत हे एकदा कळलं की पुरे. आज कसे आहोत, हे मात्र रोज विचारत जा. स्वतःला विचारा, शेजारच्या अंथरुणावर तळमळणाऱ्यालाही विचारा. आणि घरात माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड कुरकुरत असेल, तर त्याचा स्वभावच तसा म्हणून सोडून देऊ नका. आधी थोडं तेल घालून बघा.