एक पेला पाणी

रविवारी सकाळी सात वाजता सुनेने बाल्कनीतल्या डेझीला पेलाभर पाणी घातलं, आणि वर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. झाडाने मान टाकली होती, बघवेना. सासऱ्यांच्या कुंड्यांना हात लावायचा नाही, हा या घरातला पहिला नियम. लग्न होऊन आली त्याच दिवशी नवऱ्याने बजावला होता. नुसती कुंडी सरकवली म्हणून सासऱ्यांनी कामवाल्या बाईंना उभ्या उभ्या काढलं होतं. पण विसरले असतील बिचारे, असं म्हणत ही बया पेला घेऊन गेलीच. सांगितलं होतं कुणी नसतं शहाणपण!

सासरे घड्याळजी. चाळीस वर्षं दुकानात बसून त्यांनी मोहरीहून बारीक स्क्रू बसवले, आणि दुकान बंद केल्यावर तीच बोटं झाडांकडे वळवली. ही झुडपी डेझी सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्यावर सहा वर्षं यांनी तिची मुळं छाटली, शेंडे खुडले आणि तिला बोन्सायसारखी वीतभर उंचीची ठेवली. अंगठ्याएवढं जाड, खरबरीत खोड आणि वर शर्टाच्या बटणाएवढी पांढरी फुलं. या घरात लाड कुणाचे होत असतील तर तिचे.

साडेदहाला बागकाम मंडळातली पाच माणसं आली. सासरे त्यांना फांदी वाकवून, तारेने बांधून दाखवणार होते. सून चहाचा ट्रे घेऊन दारात पोचली तेव्हा ते सांगत होते, "पाणी प्यायलेली डेझी वाकवायला गेलात, तर काकडीसारखी कटकन मोडेल. म्हणून हिला दोन दिवस कोरडी ठेवलीय. तहानलेली फांदी म्हणाल तशी वाकते."

सुनेला सकाळचा पेला आठवला. ट्रे घेऊन ती दारातच थांबली.

"पण ही तर चांगली तरतरीत दिसतेय," मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

"पानं फसवतात हो, बाई. रात्रभर गारव्यात होती ना!" सासरे हसले.

आता. आत्ताच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं तर काम: बाबा, मी पाणी घातलं. पण पाच परक्या माणसांसमोर सासरे काय बोलतील, या धास्तीने तिने ते चार शब्द गिळले. देवा, एवढी एक वेळ फांदी वाकू दे, पुन्हा जन्मात कुंडीजवळ जाणार नाही, असं घोकत ती उभी राहिली.

सासऱ्यांनी दोन्ही अंगठे फांदीखाली लावले. थोडं थांबले. "आज जड जातंय," ते पुटपुटले आणि जोर वाढवला.

कट्! फांदी बुडातून फाटली, आणि तिच्यासोबत खोडही उभं चिरत मातीपर्यंत गेलं.

सून डोळे मिटून ओरडा ऐकायच्या तयारीत उभी राहिली. पण ओरडा आलाच नाही. डोळे उघडले तर सासरे झाडाकडे बघतही नव्हते. ते स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहत होते.

"गेले," ते म्हणाले. "हात गेले माझे. जोर किती लावला तेच कळलं नाही."

पाहुणे घाईघाईने चहा पिऊन गेले. सासरे जेवायला उठले नाहीत. दुपारी त्यांनी शिक्षिकाबाईंना फोन केला, "संध्याकाळी गाडी घेऊन या. सगळ्या कुंड्या घेऊन जा." मग मुलाला हाक मारून म्हणाले, "उद्यापासून माझी दाढी तू कर रे. मला आता भरवसा नाही."

हे सुनेने ऐकलं. सकाळची भीती ही भीतीच नव्हती म्हणायची. तेव्हा ती बोलणी खायला घाबरत होती. आता डोळ्यांदेखत एक धडधाकट माणूस खुर्चीत खचत चालला होता, आणि ते हिनेच केलं होतं.

ती धावत जाऊन त्यांच्यासमोर बसली. "बाबा, पाणी मी घातलं होतं. सकाळी सात वाजता, पेलाभर. तुमच्या हातांना काही झालेलं नाही. मला हवं ते बोला, हाकलून द्या, पण ऐका माझं!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर तिने देवाला हात जोडले असते.

"तुझी सासूही अशीच होती," ते मायेने म्हणाले. "माझं चुकलं की स्वतःवर घ्यायची."

"शपथ, बाबा! खरंच सांगतेय मी!"

"अगं, मी सगळ्यांना समजावून सांगत होतो तेव्हा तू दारातच होतीस की, ट्रे घेऊन," ते म्हणाले. "खरं असतं तर तू तेव्हाच नसतीस का बोलली?"